शब्दाला गाव विचारताना

सर,

शब्दाला आधी त्याचं गाव विचारायचं आणि मग अर्थ, हे तुम्ही आम्हाला नववीत शिकवलंत. ती खोड मला अजून आहे. परवा ऑफिसातल्या एका कागदावर 'कॉन्स्पिक्युअस' हा शब्द आला आणि मी हातातलं काम टाकून नुसती बसून राहिले. भांडुपच्या आपल्या शाळेत फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात तुम्ही रोज एक इंग्रजी शब्द लिहायचात. आम्ही मराठी माध्यमाची पोरं, इंग्रजीचं नाव काढलं की मागच्या बाकावर सरकणारी. त्या दिवशी तुम्ही हा लांबलचक शब्द लिहिता आणि म्हणता, घाबरू नका, फोडा त्याला. गाव लॅटिन. मधला तुकडा पाहण्याचा. त्याच घरातले स्पेक्टॅकल्स, म्हणजे तुमच्या नाकावरचा चष्मा. इन्स्पेक्टर म्हणजे आत डोकावणारा, सस्पेक्ट म्हणजे खालून चोरून बघणं, आणि रिस्पेक्ट म्हणजे वळून पुन्हा पाहणं. पुढचा 'कॉन' नुसता जोर द्यायला. म्हणजे ज्याला लोकांनी पुरतं पाहिलंय, तो. अर्थ दोन सांगितलेत: सहज नजरेत येणारा आणि गुणांमुळे उठून दिसणारा. मी विचारलं, सर, मग असं असणं चांगलं की वाईट? तुम्ही म्हणालात, "कोण बघतंय, त्यावर आहे," आणि फळा पुसायला घेतलात.

तुमचं स्वतःचं गाव मात्र तुम्ही कुणाला नीट सांगितलं नाहीत. आपल्याकडे गाव कशासाठी विचारतात हे काय मी तुम्हाला सांगायचं? आडनाव असं की कुठेही खपून जावं. कुणी फारच खोदलं तर 'आम्ही देशावरचे' म्हणून तुम्ही विषय बदलायचात. मला ठाऊक होतं, कारण घाटकोपरला एका लग्नात माझ्या वडिलांनी तुम्हाला पुढे बसून बुद्धवंदना म्हणताना पाहिलं होतं. घरी येऊन ते आईला म्हणाले, "आपलेच आहेत गं पोरीचे सर." त्यांची छाती फुगली होती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, बाहेर बोलायचं नाही हे, मुलुंडला भाड्याने राहतात ते, त्यांना त्यांचं बघू दे. महानगरपालिकेत पाइपलाइनवर काम करणारा माणूस, पण भाड्याची खोली मिळवताना काय काय गिळावं लागतं हे त्यांना पक्कं माहीत होतं.

नववीची परीक्षा संपल्यावर एकदा मी वडिलांबरोबर जात असताना स्टेशनच्या पुलावर तुम्ही समोरून आलात. बरोबर शाळेतले दोन मास्तर होते. वडिलांनी हात जोडले आणि त्यांच्या तोंडून सवयीने 'जय भीम, सर' निघून गेलं. स्वतःच बजावलेलं ते स्वतःच विसरले. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, आणि चालत पुढे गेलात. वडील हात तसेच जोडून उभे. नंतर म्हणाले, घाईत असतील गं. मला मात्र इतका राग आला की त्या रात्री जेवण गेलं नाही. तुमच्यावर माझा जीव होता, म्हणून जास्तच आला.

सुट्टीत दहावीच्या इंग्रजीसाठी तुम्ही आम्हा चार-पाच मुलींना आठवड्यातून एकदा मुलुंडच्या खोलीवर बोलवायचात, एक पैसा न घेता. बुद्धपौर्णिमेला आईने खीर केली आणि डबा माझ्या हातात दिला. सांगितलं, सरांना बाजूला घेऊन दे. त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोहोचते. घरमालकीणबाई गॅलरीत तांदूळ निवडत बसल्यायत, तुमच्या दारापासून चार पावलांवर. तुम्ही दार उघडता. मी डबा पुढे करते आणि म्हणते, "जय भीम, सर. पौर्णिमेची खीर." बाईंचा ताटावरचा हात थांबतो. तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघता, मग म्हणता, "जय भीम. ये आत." तुम्ही त्यांच्यासमोरच झाकण उघडून दोन चमचे खाल्लेत. बाई ताट उचलून आत गेल्या.

पंधरा दिवसांत त्यांचा कुणी भाचा राहायला येणार असल्याचं निघालं आणि तुम्हाला खोली सोडावी लागली. तुम्ही घाटकोपरला बहिणीकडे गेलात, दोन खोल्यांत सात माणसं. जूनमध्ये शाळा सुरू झाली. बातमी तोवर शाळेत पोहोचली होती; तुम्हाला गाव विचारायचं सगळ्यांनी एकदम बंद केलं. मधल्या सुट्टीत तुम्ही शिक्षकांच्या खोलीत न बसता आमच्या रिकाम्या वर्गात वह्या तपासत बसायचात. मी दारातून बघायची आणि परत फिरायची.

मग एका रविवारी तुम्ही आमच्या घरी आलात. दारातच वडिलांना हात जोडून आधी तुम्ही जय भीम केलात. चहा घेताना म्हणालात, पुलावर मी चुकलो, त्याचं मनाला लागून राहिलंय. वडिलांना कुठे बघावं कळेना. मी कोपऱ्यात रडायला लागले तशी तुम्ही मला जवळ बोलावलंत. "रडू नकोस. तुझी काही चूक नाही. बाई तिथे बसल्यायत हे तुला काय माहीत," असं म्हणालात. वडीलही म्हणाले, पोर आहे, तिला काय कळतंय. मी मान हलवली. तुम्ही गेलात त्यालाही आता खूप वर्षं झाली. शोकसभेत सगळे बोलले, मला उठवलं तेव्हा मी तुमच्या फळ्यावरच्या शब्दांबद्दल छान बोलले. लोकांनी डोळे पुसले.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही, पण तुम्ही असतात तरी मी ते टाकलं नसतं, हेही मला कळतं. जिना चढतानाच मला बाई दिसल्या होत्या, सर. त्या उठून आत जातील की काय म्हणून मी शेवटच्या चार पायऱ्या धावत चढले, आणि मुद्दाम त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं.