न मोजता लिहिलेला आकडा

२ मे, सोमवार

आले एकदाची! घर हवेशीर, खोली माझी एकटीची, गादी नवीकोरी. बावीस वर्षं वॉर्डात पाय झिजवल्यावर एकच पेशंट म्हणजे सुट्टीच की. पेशंट आजी, वय ब्याऐंशी. अंथरुणाला खिळलेल्या, पण जीभ शाबूत. मुलगा नोकरीपायी बाहेरगावी, घर सूनबाई चालवते. काम एवढंच, की दिवसातून तीनदा ताप मोजायचा आणि वहीत लिहायचा.

सूनबाई आजींच्या कपाळाला हात लावून म्हणाली, गारच आहेत. मी लगेच फटकारलं. हातानं ताप कळत असता तर थर्मामीटर कशाला हवे होते? आपलाच हात गार असला, तर समोरचा तापलेला वाटतो. चहा होऊन अर्धा तास झाल्याची खात्री केली, पारा झटकून खाली आणला, जिभेखाली ठेवला आणि ओठ मिटायला लावले. घड्याळ लावून पाच मिनिटं. ९५.६. इलेक्ट्रॉनिकनं पुन्हा पाहिला, तेवढाच. फारच कमी.

थर्मामीटर तोंडात घेण्याआधी आजी म्हणाल्या, पाच मिनिटं हात धरून बस गं माझा. बसले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. माझा हात कोणी धरल्याला किती वर्षं झाली, देव जाणे.

४ मे, बुधवार

आजी ९६.४. पेज मागून घेतली. सूनबाई म्हणते, तुमचा हातगुण, सिस्टर! कौतुक ऐकायची सवयच गेली आहे, मी आपली पारा झटकत राहिले.

हॉस्पिटल का सोडलं, हे इथे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. या वहीला सांगते. अकरा नंबरच्या खाटेवर एक पोर होती, आठ वर्षांची. ड्युटी संपत आलेली, पाय भरून आलेले. मी तिचा ताप मोजलाच नाही. तक्त्यावर ९८.४ लिहिलं आणि निघाले. पुढच्या सिस्टरनं तो आकडा पाहिला आणि ती खाटेकडे फिरकली नाही. सकाळी पोर गार. मला काढलं, बरोबरच केलं. पण काढणारे तरी रोज काय लिहायचे, ते मला ठाऊक आहे. सगळे एका माळेचे मणी, सापडले तेवढी मी.

तेव्हापासून न मोजता एक आकडा लिहीत नाही.

६ मे, शुक्रवार

आजी ९७.२. उशीला टेकून बसल्या. मला मात्र सकाळपासून थंडी वाजते आहे, भर मे महिन्यात. माझा ताप पाहिला, ९६.२. म्हटलं थर्मामीटर बिघडला. घरातले तिन्ही थर्मामीटर कोमट पाण्यात शेजारी शेजारी धरून पाहिले. तिन्ही अगदी सारखे.

म्हणजे बिघडले असेन ती मीच. वय झालं, दुसरं काय. सूनबाईकडून शाल मागून घेतली. तिच्याकडे घडी घालून तयारच होती.

८ मे, रविवार

आज पुरता हिशेब लावला. आजींचा हात धरण्याआधी मी ९५.८. पाच मिनिटांनी ९५.२. त्यांचा ९७.६ होता, तो ९७.८ झाला. त्यांना चमचाभर मिळतं आणि माझं वाटीभर जातं. वेड लागल्यासारखं वाटतंय, पण आकडे माझे आहेत, मोजून घेतलेले.

दुपारी हात दिलाच नाही. आजींनी थर्मामीटर काढला आणि विचारलं, रुसलीस का गं? मग मनगटच धरलं. ब्याऐंशीच्या बाईची पकड नव्हे ती! मी ओढत राहिले. सूनबाई दारात उभी होती, घड्याळ बघत.

९ मे, सोमवार

कपाटात आणखी एक पांघरूण शोधत होते. खाली वह्या सापडल्या. सहा. प्रत्येकीत वेगळं अक्षर, वेगळी सिस्टर. आजी प्रत्येक वहीत पंच्याण्णवपासून सुरू आणि दहा-अकरा दिवसांत ९८.४. अक्षर शेवटी शेवटी थरथरलेलं. मग काही महिने काही नाही, आणि पुन्हा नवी वही, पुन्हा पंच्याण्णव.

प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर एकच ओळ, सूनबाईच्या गोल अक्षरात. सिस्टर – ९८.४.

विचारलं. म्हणाली, सगळ्या सिस्टर ठणठणीत गेल्या हो. कुठे गेल्या, ते नाही सांगितलं.

१० मे, मंगळवार

पहाटे पिशवी भरली. फाटकापर्यंत गेले – तिथेच कोसळले. सूनबाईनं उचलून आणलं, लहान मुलाला आणावं तसं.

भावाला फोन केला. म्हणाला, ताई, तुझं नेहमीचंच रडगाणं. ठेवून दिला. सख्खा भाऊ!

मग आजींच्या डॉक्टरांना. बोबडी वळत होती, तरी सांगितलं, मी गार पडतेय, कोणाला तरी पाठवा. त्यांनी विचारलं, ताप किती? आकडा तोंडात होता – सूनबाईनं फोन घेतला. म्हणाली, आत्ताच पाहिला, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. डॉक्टर म्हणाले, मग विश्रांती घेऊ दे.

त्यांचं तरी काय चुकलं. आकडा बरोबर होता ना. मीसुद्धा असाच –

फोन तिच्या कमरेला आहे आता.

११ मे, बुधवार

पारा चढतच नाही. काचेवर चौऱ्याण्णवच्या खाली आकडेच नाहीत. इलेक्ट्रॉनिकवर नुसतं 'लो'. थंडी वाजायची थांबली. ते वाईट असतं – मला माहीत आहे, मी शिकवलंय ते पोरींना –

आजी चालतात. स्वयंपाकघरात हसताना ऐकू आल्या. आज तीनदा येऊन बसल्या. माझा हात – त्यांच्याच मांडीवर.

१२ मे

सूनबाई आत्ता येऊन गेली. कपाळाला हात लावला. म्हणाली, छान आहात. मी म्हटलं, बाई, हातानं कळत नाही. थर्मामीटर लावा. एकदा लावा. पाया पडते.

तो उशाशीच आहे. डबी उघडलीसुद्धा नाही. तापाच्या वहीचं शेवटचं पान उघडलं – लिहिलं – किती लिहिलं ते विचारायला नको.

हे मी लिहिते, मोजलेलं – पारा तळाशी. तळाशी. कोणी वाचलं तर – हा खरा –

आजी आल्या. खुर्ची ओढली. पाच मिनिटंच, म्हणतात. हात किती ऊबदार –

अकरा नंबरची पोरही म्हणाली होती. सिस्टर, जरा हात धरा ना. मी घड्याळ बघितलं आणि