काळ्यापांढऱ्यातले आठ रंग

नाशिक,
रविवार सकाळ

प्रिय मनोज,

अक्षर ओळीवरून घसरलं असेल तर हसू नकोस. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय, त्यामुळे सध्या माझ्याकडे दोन जगं आहेत. उजवा झाकला की समोरची भिंत चहात बुडवून काढल्यासारखी दिसते, डावा झाकला की तीच पांढरीशुभ्र. स्वयंपाकघरातला साखरेचा डबा मी कित्येक वर्षं करडा समजत होते, तो चांगला निळाभोर निघाला. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांचंच असं होतं. मला मात्र लगेच तू आठवलास, आणि आपलं ते भांडण.

फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि मी भलतंच काहीतरी बोलून फोन ठेवून देते. तुझी बहीण छाया भाजीबाजारात भेटते, तिच्याकडे मी तुझी चौकशी न केल्यासारखी करून घेते. बंगळूरला गेलास तो तिकडचाच झालास. नाशकात आलास तर कुणाच्या तरी लग्नापुरता, अक्षता टाकून परत. माझ्या दारापर्यंत काही तुझे पाय आले नाहीत. या वेळी यावंस म्हणून लिहिते आहे.

शाळेत बीबीसी नावाचा कॉम्प्युटर आला तेव्हा मी नवीन लागलेली शिक्षिका. जुन्या सरांपैकी कुणी हात लावायला धजेना, म्हणून ते मशीन माझ्या गळ्यात पडलं. खोलीला कुलूप, दाराशी चपला काढायच्या, वर भरतकाम केलेलं कापड. शिपाई गोटीराम रोज विचारायचा, बातम्या किती वाजता लागतात म्हणून. तू माझ्याच वयाचा, कॉलेज संपवून नोकरी शोधणारा, मखमलाबादहून झेंडूच्या पाट्या फुलबाजारात टाकून सायकलवर यायचास, पिशवीत बोटीवरच्या मामांनी आणलेला तुझा छोटा स्पेक्ट्रम कॉम्प्युटर. तुमच्या मळ्यात टीव्ही नव्हता. मग शाळेच्याच टीव्हीला आळीपाळीने जोडायचो, आधी तुझं मशीन की आधी माझं यावरूनही वाजायचं.

भांडण रंगांचं आणि टीव्ही काळापांढरा! त्याचं आपल्याला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. तू म्हणायचास, स्पेक्ट्रमचे रंग कसे जिवंत आहेत. मी म्हणायचे, बीबीसीची रेघ बघ किती बारीक. तुझ्या मशीनला एका इवल्याशा चौकोनात दोनच रंग चालायचे, त्यामुळे झेंडूशेजारी पान काढलं की पान पाकळीत घुसायचं. माझ्याचं दुखणं वेगळं. बारीक रेघ हवी तर रंग दोनच, आठही हवेत तर ठिपके विटांएवढे. हे सगळं आपण पुस्तकात वाचलेलं, आणि करड्या छटांकडे बोट दाखवून छातीठोकपणे सांगायचो. एका बाबतीत तुझी सरशी होती. तुझे रंग क्रमाने उजळत जायचे, काळा, निळा, लाल करत पांढऱ्यापर्यंत, म्हणून तू करड्यावरूनही रंग अचूक ओळखायचास. माझ्याकडे पिवळ्यानंतर निळा, म्हणजे उजेड पडता पडता पुन्हा काळोख. त्यावरून तू मला किती छळलंस.

मग तू एकदा टीव्हीच्या काचेवर जिलेटिनचे कागदच चिकटवलेस, वर निळा, खाली हिरवा, आणि आता बघ म्हणून ऐटीत उभा राहिलास. झेंडू अर्धा निळा, अर्धा हिरवा. मी हसता हसता खाली बसले. तू इतका हिरमुसलास की मला आणखीच हसू येत राहिलं. तू मला आवडतोस हे मला त्याच दिवशी कळलं. बोलले नाही, शाळेतली बाई होते ना.

चांदवडला तुझ्या आत्याकडे रंगीत टीव्ही आला तेव्हा दोन्ही मशीनं तिकडे नेऊन एकदाचा निकाल लावायचं ठरलं. मुख्याध्यापक शाळेचं मशीन बाहेर नेऊ देईनात. शेवटी तयार झाले, तोवर तुला बंगळूरची नोकरी लागली होती. स्टँडवर तू म्हणालास, "निकाल राहिला." मी म्हटलं, "राहू दे." आणि बस सुटली.

तुझ्या लग्नाला मी आले होते, पोटभर जेवले. मी लग्न केलं नाही, पण तुझ्यासाठी थांबले असं समजून फुगू नकोस. बरीचशी स्थळं माझ्या जिभेला घाबरून गेली. थोडीशी थांबले होते, हेही खरं. तुझी बायको वारल्याचं कळलं तेव्हा चार कोरड्या ओळी पाठवल्या. त्याहून जास्त लिहिण्याचा माझा हक्क आहे की नाही, हे समजेना.

गेल्या आठवड्यात भावाचा मुलगा राज आला आणि त्याने माझ्या लॅपटॉपवर तुझं नि माझं मशीन शेजारीशेजारी सुरू करून दिलं. जुन्या कॉम्प्युटरांची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रॅम आता फुकट मिळतात म्हणे. मी दोन्हीकडे झेंडू काढला आणि नव्या डोळ्याने पाहिला. तुझा निळा खरंच भडक आहे रे, थेट डोळ्यात घुसतो. निकाल लागला. पण जिंकल्याची फुशारकी मारायला किंवा हरल्यावर तोंड पाडून बसायला शेजारी तू नव्हतास, आणि मला त्या रंगांचं काही कौतुक वाटेना. थोड्या वेळाने मी राजला बंद कर म्हटलं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. सोबत कुणीतरी लागतं. मागच्या वेळी लंकाबाई आली होती, माझ्याकडे स्वयंपाक करते ती. परवा तिला पुन्हा येशील का म्हणून विचारलं. पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "मी येते ना बाई, त्याचं काय नाय. पन तुमचं असं कोनीच नाय का?" मी म्हटलं, आहे. तोंडातून निघूनच गेलं. मग कोण, कुठे असतो, येत का नाही, असं ती विचारत राहिली आणि मला सांगता येईना, म्हणून हे लिहायला बसले. मनोज, ऑपरेशनला सोबत म्हणून ये, आणि नंतर लगेच जाऊ नकोस. नाहीच गेलास तरी चालेल. छायाला काय वाटेल, गल्लीला काय वाटेल, ते माझ्यावर सोड. साठीच्या बाईने असं लिहावं की नाही, मला ठाऊक नाही, पण मला तू इथे हवा आहेस. आहे, असं मी लंकाबाईला सांगून बसले आहे. मला खोटं पाडू नकोस.

तुझीच, आणि हे पहिल्यांदाच लिहिते आहे,
प्रतिभा