दार उघडं असताना

१० फेब्रु., सोम.
१. शनिवारी लीक-टेस्ट (गळती तपासायच्या) मशीनचा प्रोग्रॅम मी पायथन या भाषेच्या आवृत्ती दोनवरून तीनवर नेला.
२. दार बंद करून चाळीस पार्ट चालवले. ठीक.
३. आज सकाळी ७.०५. ऑपरेटर दत्ताभाऊंनी दार उघडं ठेवून स्टार्ट दाबलं. डावा हात आत, पार्टवर.
४. मशीन अडायला हवं होतं. पार्ट दाबून धरणारा क्लॅम्प खाली आला.
५. दोन बोटं.

११, मंगळ.
कारण सापडलं. प्रोग्रॅममधल्या दाराच्या क्लासमध्ये, म्हणजे दाराच्या कोडमध्ये, नॉनझिरो नावाची मेथड लिहिलेली आहे; दार बंद आहे का, याचं उत्तर ती देते. दार उघडं असेल तर उत्तर 'खोटं', म्हणजे बंद नाही. पायथन दोन तिला विचारायचा. तीन बूल नावाच्या मेथडला विचारतो, ती नसेल तर सरळ 'खरं', म्हणजे दार बंदच, असं धरतो. एरर नाही. जुनी मेथड जागेवर आहे, अचूक आहे. तिला कोणी विचारत नाही.
बूल लिहिली. दार उघडून दाबलं. अडलं. दहा वेळा दाबलं.
शनिवारी मी फक्त चालतंय का ते पाहिलं होतं.

१२, बुध.
प्लँट हेड जाधव सरांचा अहवाल: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. दत्ताभाऊंची नोकरी जाणार. म्हटलं, सर, चूक प्रोग्रॅममध्ये होती.
"'तपासलं' म्हणून सही कोणाची आहे? तुझीच ना? मग कशाला उकरतेस?"
मी जागेवर येऊन बसले.

१३, गुरु.
चाकणला दवाखान्यात गेले. दत्ताभाऊ बायकोला म्हणाले, "ह्याच त्या मॅडम. ट्रेनिंगला यांनीच सांगितलं व्हतं, शिफ्ट लागली की दार उघडं ठिवून एकदा बटण दाबायचं. मशीन न्हाई म्हणालं की मग कामाला लागायचं. तीन वर्सं एक दिस चुकवला न्हाई."
मग मला, "माझंच कायतरी चुकलं आसंल."
तेव्हा सांगायला हवं होतं. चहा घेतला.

१५, शनि.
सांगवी, घरी. बिल्डिंगच्या लिफ्टची जाळी उघडी ठेवून बटण दाबलं. हलली नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा.
खालच्या मजल्यावरून जोशीकाकू: "अगं ए, कोण आहे वर? जाळी लाव की!"
किती वेळ उभी होते, माहीत नाही.

१७, सोम.
सकाळी पाठवलेला मेल, जसाच्या तसा. प्रत दत्ताभाऊंना.
"सर, दत्ताभाऊंनी मी शिकवलेली तपासणीच केली. मशीन अडलं नाही, कारण प्रोग्रॅम बदलताना मी दार तपासणारी मेथड जुन्याच नावाने ठेवली आणि दार उघडून तपासलं नाही. अहवालातून 'निष्काळजीपणा' काढावा, हे कारण माझ्या नावासह लिहावं. शुक्रवार, २१ फेब्रुवारीपर्यंत लेखी उत्तर द्यावं."