कड्यापर्यंत गाडी जाते

करंजाडे, पनवेल
१२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आप्पास,

धाकट्या मालाचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि गोजरावहिनी निरोप सांगताना निम्मा खाते, म्हणून हे पत्र. आम्ही सगळे मजेत. दसऱ्याला विश्वजितने जुनी जीप घेतली, चारही चाकं ओढतात म्हणे. सोसायटीत ती लावायला जागा पुरत नाही, सेक्रेटरी रोज तोंड वाकडं करतो, आणि आमचे चिरंजीव रोज तिला अंघोळ घालतात.

तर बेत असा, की वीस डिसेंबरला, शनिवारी, आपल्या वाऱ्याच्या कड्यावर यायचं. पायी नाही, जीपने, थेट दरीच्या काठापर्यंत. घरात आठवडाभर दुसरा विषय नाही. विश्वजित मोबाइलवर चिखलातून गाड्या काढायचे व्हिडिओ बघतो आणि जेवताना आम्हाला लेक्चर देतो. सूनबाई, उत्कर्षा, म्हणते, "आई, याला आधी पनवेलच्या खड्ड्यांतून नीट काढू दे." तिने यादीही केलीय. ओढून काढायला टोचनचा दोर, डिझेलचा कॅन, चाकांखाली घालायला फळ्या, शेंगदाण्याची चटणी. चटणी मी सांगितली.

शेजारचे गोटीराम पाटील बरोबर येणार आहेत. मूळचे जासईचे, बोलणं अजून आगरी. तीस वर्षं बंदरावर ट्रेलर चालवला. त्यांनी विश्वजितची सगळी लेक्चरं एका वाक्यात गुंडाळली, "दगरावर चाकांतली हवा कमी करायची, न घाई बी कमी करायची."

परवा ते चहाला आले होते. विश्वजितने नकाशा पुढ्यात मांडला आणि दोन वर्षांपूर्वीची फजिती सांगायला लागला. आप्पा, तोच विषय मी इतका वेळ टाळतेय. आता लिहितेच.

तेव्हा अंगणात विश्वजितने तुला विचारलं, "मामा, कड्यापर्यंत गाडी जाते का?" तू म्हणालास, "जाती की. पार काठापर्यंत जाती." तुझ्या शब्दावर आम्ही आमची छोटी कार घातली. अर्ध्या वाटेत दगड लागला, खालची तेलाची टाकी फुटली, कार एका अंगाला कलली आणि बाजूला दरी. देवजीच्या बैलांनी ती ओढून गावात आणली. आणि मी चावडीसमोर, सगळ्यांच्या देखत तुला म्हणाले, "म्हातारपणी तुझ्या शब्दाला काही किंमत राहिली नाही. माझ्या पोराचा जीव घेतला असतास." तू सरळ घरी गेलास.

हे सगळं ऐकून गोटीरामांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "वयनी, तुमच्या गावान गारी म्हंजे मोटर, का बैलांची?"

अरे, आपल्याकडे गाडी म्हणजे बैलगाडीच की! बाबा कड्यावरचं गवत गाडीनेच आणायचे. पेट्रोलवर चालेल ती मोटार, मग ती कुणाचीही असो. तू खरं तेच सांगितलं होतंस. देवजीची बैलं त्या वाटेने निवांत चालत आली, हे डोळ्यांनी बघूनसुद्धा माझ्या टाळक्यात शिरलं नाही. विश्वजितला कुठून कळणार, तो इथलाच. मला कळायला हवं होतं. चाळीस वर्षं इथे काढली आणि घरचा शब्द विसरले.

राग तर आठवड्यात गेला होता रे. पण आधी कुणी बोलायचं, यात दोन भाऊबीजा गेल्या. दोन्ही वेळा तुझं ताट काढलं आणि पुन्हा मांडणीवर ठेवलं. मला फार वाईट वाटतं.

वहिनी सांगते, गुडघ्यांमुळे चार वर्षांत तू कड्यावर गेलेला नाहीस. संध्याकाळी नुसता तिकडे तोंड करून बसतोस. म्हणून आता उघडच लिहिते, की ही जीपची सगळी धावपळ तुझ्यासाठी चाललीय. पुढची सीट तुझी. कुठे वळायचं, कुठे थांबायचं ते तू सांगायचं. विश्वजितनेही कबूल केलंय.

आणि एक. बोलले चावडीसमोर, तर माफीही तिथेच मागणार, वहिनीच्या चुलीपाशी हळूच नाही. देवजीला आणि त्या दिवशी जे जे होते त्यांना बोलावून ठेव. त्यावरही तुझं मन तयार झालं नाही, तर जीप चावडीपाशीच उभी राहील. तुला सोडून आम्ही कडा बघणार नाही.

तुझा खरा शब्द चारचौघांत खोटा पाडणारी,
तुझी धाकटी
माला