ओच्यातले कांदे

माय, आज सकाळी तुझी फार आठवण आली, आणि ती आणली वजनकाट्याने. अकोल्याच्या जुन्या शहरात तू भाजी घेऊन बसायचीस. बाजार उठला की अडत्याच्या पोत्यांच्या काट्यावर तुम्ही बायका एकेक करून चढायचात. जिचं वजन जास्त भरेल तिला बाकीच्या चिडवायच्या, पण त्या चिडवण्यात कौतुकच असायचं. तू कायम पहिली. मी शाळेतून तिथेच येते, तू मलाही काट्यावर उभी करतेस आणि म्हणतेस, “वाऱ्यानं उडून जाशीन पोरी. चाल, भाकर खाय.” ती भाकर मला अजून हवी आहे.

पुढे मी अमरावतीला शिक्षिका झाले आणि तुझे गुडघे पाहून वजन कमी कर म्हणून तुझ्या मागे लागले. तू ऐकलं नाहीस. मग म्हातारपणी ते आपसूकच उतरायला लागलं, पोलकी ढगळ झाली. मला बरंच वाटलं. डॉक्टरांना मात्र नाही. या वयात काही न करता वजन उतरणं चांगलं नाही, दर महिन्याला बघत जा, म्हणाले. तू त्याच काट्यावर चढायचीस आणि फोनवर सांगायचीस, “हाये तितकंच हाये.” एकदा मी स्वतः आले, तर काट्यावरून उतरताना तुझ्या ओच्यातून कांदा घरंगळला, पाठोपाठ दुसरा. सगळा बाजार हसला. मी विचारलं, “काहून असं केलं, माय?” तू म्हणालीस, “तू शाळा सोडून धावत येशीन, म्हून.” घरी पोचेपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. पुढचा पोळा तू पाहिला नाहीस.

आता मी तुझ्या त्या वयाची आहे. गुडघ्यांसाठी चालले, जेवण कमी केलं, वजन उतरलं, सगळ्यांनी शाबासकी दिली. ते उतरायचं थांबेचना. म्हातारपणी अंगावरचं मांस झडतं, एकदा पडलं की उठणं कठीण, असं डॉक्टर म्हणतात. सुनेने घरात काटा आणलाय, दर रविवारी मला उभी करते. तिला परतवाड्याची बदली आली आहे, माझी तब्येत बघून जायचं की नाही ते ठरवणार आहे. आज आकडा पाहून तिचा चेहरा उजळला. “आई, टिकलं हो वजन.”

गाऊनच्या खिशात दोन संत्री होती, माय. एक मी आत्ता खाल्लं. दुसरं हातात घेऊन तिच्यासमोर जावं म्हणते, पण पाय उचलत नाही.