डोक्यावर मावेल तेवढंच पाणी

१२ जानेवारी १९७४, शनिवार

वही, रागावू नकोस. दिवाळीची सुट्टी संपवून हे पलटणीत परत गेले, त्यानंतर तुला हात लावला नाही. कारण काही नाही. नुसता आळस — आणि घर रिकामं झालं की लिहायलाही नको वाटतं.

आज हंबीरभाऊजी आले. धाकटा दीर, पण सरपंच झाल्यापासून थोरल्यासारखे बसतात. म्हणाले, "वैनी, मुंबईची मानसं कारखान्याला जागा बघत हिंडाय लागल्यात. त्यास्नी आपल्या करंजदऱ्याची म्हायती पायजे. छापून देऊ. गावात बी.ए. तुमी एकट्याच. लिवा."

हायस्कूलवर भूगोल शिकवते मी. जगातल्या नद्या पाठ, पण आपल्या गावाबद्दल कुणी कधी विचारलं नव्हतं. सुखावले! हेही लिहून ठेवते — फार सुखावले.

१५ जानेवारी, मंगळवार

शाळा, दवाखाना, वीज, रस्ता एवढं लिहून झालं. शिराळ्याहून एस.टी. दोनदा येते, पावसाळ्यात ओढ्यापाशी थांबते, पुढे चालत. हे लिहावं का? लिहिलं. भाऊजी हसले. "आवं, पाव्हनं उन्हाळ्यात येनार हायती!" तरी ठेवलं.

२० जानेवारी, रविवार

गावालगतच्या आसरांच्या, म्हणजे जलदेवतांच्या, डोहावर गेले होते. आमच्या परड्यात विहीर, त्यामुळे माझं तिकडे जाणं कमी. बौद्ध वस्तीतल्या चंद्राबाई घागर विसळत होत्या. पूर्वी त्यांच्या वस्तीने खालच्या अंगालाच पाणी भरायचं. बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या विहिरी तळाला गेल्या, हा एकटा डोह उरला, आणि सगळं गाव एकाच दगडावर पाय देऊन पाणी भरू लागलं. ते तसंच राहिलं. दुष्काळाने केलेलं एवढं एकच चांगलं काम.

मी म्हटलं, डोहाबद्दल लिहितेय.

"लिवा की बाई. पर त्येबी लिवा — डोक्यावर मावंल तेवढंच."

म्हणजे हेच, की या डोहाला मोट नाही, इंजिन नाही. माणूस डोक्यावर नेईल तेवढंच त्याचं. कुणी मोडलं, तर बाया रातोरात त्याच्या उंबऱ्यावर घागर पालथी घालतात. मग त्या घरी कुणी हळदीकुंकवाला जात नाही, सुगीला जात नाही, मयताला खांदा द्यायलासुद्धा नाही. आमच्या सासूबाई सांगायच्या — एका बड्या घराने इंजिन आणलं होतं. घागर पडली. घरच्या म्हातारीने अंगणात वेगळी तीन दगडांची चूल मांडून एकटीने जेवण केलं, आणि मग मुलाला म्हणाली, इंजिन काढ, नाहीतर मला तरी काढ. इंजिन निघालं.

सगळं लिहिलं. सासूबाईंनी सांगितलेलं त्या म्हातारीचं वाक्यसुद्धा. कुठल्या भूगोलात मिळेल हे?

२७ जानेवारी, रविवार

स्वच्छ प्रत भाऊजींना दिली. "लय झ्याक, वैनी!"

मी म्हटलं, माझं नाव नको. आणि काही बदलायचं असेल तर आधी मला विचारा.

"एक अक्षर बदलनार न्हाई. आईची आन."

११ फेब्रुवारी, सोमवार

सांगलीहून पुस्तिका छापून आल्या. मुखपृष्ठावर कृष्णेचा घाट — सांगलीचा! आमच्या डोंगरात कुठली कृष्णा? हसू आलं. मग आत पाहिलं.

एस.टी. बारमाही झाली आहे. घागर नाही, सासूबाई नाहीत. त्या जागी: 'गावालगतच्या डोहाचे पाणी कारखान्यास हवे तेवढे उपलब्ध. ग्रामस्थांची हरकत नाही.' खाली ठळक — लेखन : सौ. विजयमाला, बी.ए.

आणि मधे माझं एक वाक्य जसंच्या तसं. 'हा डोह बहात्तर सालीही आटला नाही.'

ते वाक्य खरं आहे. पण मी ते कोणासाठी लिहिलं? विकत घेणाऱ्यांसाठीच ना? पाणी कुठे आहे ते मीच दाखवलं. राखण तेवढी भाऊजींनी काढून टाकली.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

जाब विचारला.

"आवं वैनी, म्हस इकताना ती लाथ मारती ह्ये कोन सांगतं का?"

"डोह तुमची म्हैस आहे का?"

"पुठ्ठ्याचा कारखाना येनार. पोरास्नी काम मिळंल. तुमचीच इद्यार्थी हायती ती."

"आणि माझं नाव?"

"तुमच्या नावावर तर इस्वास ठेवत्यात लोकं."

"आईची शपथ घेतली होती तुम्ही."

"आई कवाच गेली की, वैनी." आणि हसले! सासूबाईंना शेवटी पाणी मी ह्याच हाताने पाजलं होतं.

२ मार्च, शनिवार

पाहुणे मोटारीतून आले. डोहाची खोली मापली. एक साहेब मला नमस्कार करून म्हणाले, "बाई, तुमचं लिहिणं वाचूनच आलो."

मी म्हटलं, "त्यात खोटं छापलं आहे."

साहेबांनी भाऊजींकडे पाहिलं. "मास्तरीण हायत आमच्या वैनी," भाऊजी म्हणाले, "समद्यांच्या चुका काढत्यात!" सगळे हसले. मोटार गेली.

मी दुसऱ्यांदा बोलले नाही. का? वर्गात एक गोष्ट दहादा सांगते.

४ मार्च, सोमवार

मुद्दाम घागर घेऊन डोहावर गेले. पाणी भरणाऱ्या बायांनी पाठ फिरवली. साळूबाईने घागर उचलली आणि माझ्या अंगावरून वाट काढली. चंद्राबाई तेवढ्या थांबल्या.

"बाई, तुमी लिवलं व्हय?"

मी सगळं सांगितलं. किती पटलं कोण जाणे.

"तुमच्या उंबऱ्यावर घागर घालायचं ठरलं हुतं. म्याच आडवी आले. म्हनलं, त्यो तुमचा सुभेदार तकडं बर्फात हुबा हाय. हंबीररावाचं पाप त्याच्या दारात कसं टाकायचं?"

चुलत नाही, सख्खे भाऊ; चुली दोन, पण उंबरा एकच. घरी येऊन रडले. पण हे येणार आहेत सुट्टीवर! डोहाकडे इंजिन न्यायला वाट फक्त आमच्या डोहाकाठच्या शेतातून, मळीतून. मळी दोघा भावांच्या नावावर. ह्यांची सही नाही, तर कारखाना नाही. भाऊजी जगात घाबरतात ते ह्यांनाच.

आज बरं वाटलं थोडं.

१७ मार्च, रविवार

हे आले! अक्रोड आणले, माझ्यासाठी शाल. खूप काळवंडलेत. आज मी त्यांच्याकडे विषय काढला नाही. जेवू देत निवांत. पुरणपोळी केली. भाऊजी शेजारीच पानावर होते, एकदाही मान वर केली नाही. बसा म्हणावं आता मान खाली घालून!

१८ मार्च, सोमवार

सकाळी सांगितलं. हे ऐकत होते, शाल घडी करत. मग म्हणाले, "हंबीरवर चिडू नकोस. मळीची सही मी दिवाळीतच केली."

"दिवाळीत?" मी विचारलं.

"तुला लिहायला सांगावं, हेपण मीच म्हणालो होतो त्याला. तू खोटं लिहीत नाहीस, सगळ्यांना माहीत आहे." आणि मग, "जरा चहा टाक."

चहा टाकला. दुपारी चंद्राबाई दारावरून गेल्या. ह्यांना बघून पदर सावरला, हात जोडून म्हणाल्या, "सुभेदार, बरं झालं आलासा." ह्यांनीही हात जोडले.

उद्या उजाडायच्या आत मीच पितळेची घागर आपल्या उंबऱ्यावर पालथी घालणार.