लायगेज आणि माझा ड्रॉवर

सोमवार, ३ मार्च
आजपासून कोणाशी वाद नाही. फक्त काम. लायगेज म्हणजे डीएनएची तुटलेली टोकं सांधणारं एन्झाइम. पण साहेब उपाशीपोटी काम करत नाहीत, एटीपी नावाचं इंधन लागतं. एटीपीचा तुकडा आधी स्वतःला चिकटवून घेणार, मग तो डीएनएच्या टोकाला देणार, तेव्हा कुठे सांधा बसणार. मला तोंडपाठ आहे. शेजारच्या टेबलवरच्या टापटीपबाईंना असणं शक्य नाही. शुक्रवारपर्यंत ज्याचा सांधा बसेल त्याला प्रोजेक्ट, असं आमच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या. म्हणजे मला.

मंगळवार, सकाळी
टापटीपने फ्रीझरमधलं लायगेजचं बफर, म्हणजे ज्यात एटीपी असतं ते द्रावण, छोट्या छोट्या नळ्यांत वाटून टाकलं! विचारलं तर म्हणे, पुन्हा पुन्हा गोठवून वितळवलं की त्यातलं एटीपी खराब होतं, तुमच्यासाठीही ठेवल्यात. मला शिकवते! डाव ओळखून आहे मी.

दुपारी
बाटलीत उरलेलं बफर माझ्या ड्रॉवरमध्ये. वर कुलूप. ड्रॉवर बॅक्टेरिया उबवायच्या गरम पेटीला, इनक्यूबेटरला टेकून आहे, त्यामुळे बफर छान पातळ राहतं. वितळायची वाट बघायला नको. याला अक्कल लागते.

बुधवार
प्लेट कोरी. सांधा बसला असता तर बॅक्टेरियाचे ठिपके उगवले असते, पण एकही कॉलनी नाही. लायगेज भिकार आलंय. बायकोला फोनवर सांगितलं, तर आज कोणाशी भांडलास, असं तिनं विचारलं. फोन ठेवला.

गुरुवार
लायगेज दुप्पट टाकलं. पुन्हा कोरी. आता खात्रीच झाली, कोणीतरी घात करतंय. कोण ते सांगायला नको. बफर तेवढं सुरक्षित आहे.

शुक्रवार, सकाळी
तिच्या प्लेटवर कॉलन्याच कॉलन्या. सगळ्यांसमोर सांगितलं की हिनं माझं लायगेज बदललं. मॅडम म्हणाल्या, दोघांचं लायगेज एकाच नळीतलं आहे. मग त्यांनी माझं बफर मागितलं. कुलूप उघडावं लागलं. बाटली चांगलीच कोमट होती. मॅडमनी ती हातात धरली आणि टापटीपपुढे केली. यातलं एटीपी केव्हाच गेलं असेल, असं टापटीप हळूच म्हणाली. तिचा हळू आवाज तर डोक्यातच जातो.

संध्याकाळी
प्रोजेक्ट तिला. मी तिच्या हाताखाली. पहिलं काम, फ्रीझर आवरणं. मागच्या कप्प्यात बफरच्या नळ्या सापडल्या, मंगळवारी भरलेल्या, गोठलेल्या, न उघडलेल्या. प्रत्येकीवर माझं नाव. फार वाईट वाटलं. अक्षरही सुंदर आहे तिचं. त्याचाही राग आला.